स्वखुशीचा चढ

माणूस सुखाच्या मागे धावतो, असे आपण ऐकत आलो आहोत. मग स्पेनच्या आस्तुरियास प्रांतातील आंग्लिरू घाट सायकलीवरून चढणाऱ्यांना काय म्हणावे? सुमारे साडेबारा किलोमीटरांची ती चढण. दर १०० मीटरांना सरासरी १० मीटर उंची. एके ठिकाणी तर २३ च्याही वर! मुळात ही डोंगरावरच्या कुरणांकडे गुरे नेण्याची वाट. १९९९ साली ‘व्हुएल्ता’ या स्पेनच्या मोठ्या सायकलशर्यतीने ती पत्करली आणि तिची कीर्ती झाली.

गुराखी चढतो तो पोटासाठी. हौशी स्वार कशासाठी चढतो? मला वाटते, त्याला कष्टांची आवड असते असे नाही. ते आपण निवडले, याचा आनंद असतो. वाटेल तेव्हा उतरता येत असून तो उतरत नाही, यातच त्याचे सुख.

२००२ च्या शर्यतीत ब्रिटिश स्वार डेव्हिड मिलर भर पावसात हा घाट चढून आला आणि अंतिम रेषेच्या अवघा एक मीटर अलीकडे थांबला. स्वारांवर असला मार्ग लादल्याच्या निषेधार्थ त्याने आपला क्रमांक उतरवून शर्यत सोडली. तो धंदेवाईक स्वार होता, त्याने तक्रार का करावी, असे कोणी म्हणेल. परंतु मोबदला घेतला म्हणून माणूस आपला नकार विकत नाही. चढ तोच, घामही तोच. एकाचे व्रत, दुसऱ्याची वेठ!

कष्टाने माणूस घडतो, हे आपण मुलांना उठल्याबसल्या ऐकवतो. ऐकवण्यापूर्वी एवढे पाहावे, की समोरचा चढ त्यांनी निवडला आहे, की आपण त्यांच्या माथी मारला आहे?