प्युअर, म्हणजे काय नसलेलं?

बेळगावात पाट्या कानडीत असतात, मराठीत असतात, इंग्रजीत असतात. पण ‘प्युअर’ हा शब्द तिन्ही भाषांच्या माणसांना सारखाच कळतो. कुंदा प्युअर खव्याचा, तूप प्युअर, सिल्क प्युअर, हॉटेल प्युअर व्हेज. मुलं कॉलेजात प्युअर सायन्स घेतात, आणि घरात कुणाला राग आला की ‘हा प्युअर मूर्खपणा आहे’ असंही म्हणून होतं. शहाणपणाला हा शब्द लावल्याचं मात्र मी ऐकलेलं नाही.

एका विशेषणाला आपण किती कामांना जुंपलंय! आपल्या आज्या हेच काम वेगवेगळ्या शब्दांकडून करून घेत. दूध निर्भेळ, तूप साजूक, सोनं चोख, रेशीम अस्सल, आनंद निखळ, मन निर्मळ. प्रत्येक शब्दाचं आपलं घर होतं. दुधाला निर्मळ मनाचं श्रेय मिळत नसे आणि मनाला दुधाची कसोटी लागत नसे. ‘प्युअर’ने मधल्या भिंती पाडल्या. तुपाच्या डब्यावरचा शब्द देवळापर्यंत गेला आणि तिथून माणसांपर्यंत आला. माझी तक्रार आहे ती इथे.

वस्तूच्या बाबतीत प्युअरचा अर्थ एवढाच, की त्यात दुसरं काही मिसळलेलं नाही. तेवढंच असणं नेहमी सोयीचंही नसतं. चोवीस कॅरेट सोनं फार मऊ, रोजच्या वापराच्या बांगड्या त्याच्या टिकत नाहीत. म्हणून आपण बावीस कॅरेटच्या करतो, त्यावर ९१६ चा आकडा असतो; म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोनं आणि बाकी तांब्यासारखा दुसरा धातू. तो मिसळला म्हणून बांगडी हातात राहते.

आता रेशमाचं घ्या. साडीवर ‘सिल्क मार्क’ असला की धागा अस्सल. तो मार्क खोटं बोलत नाही. पण धागा अखंड मिळावा म्हणून आतला जीव बाहेर पडायच्या आधीच कोश उकळतात किंवा वाफवतात, हे त्या मार्कवर लिहिलेलं नसतं. एका साडीमागे असे हजारो कोश. पतंग बाहेर पडल्यावर उरलेल्या कोशाचं ‘अहिंसा सिल्क’ हैदराबादकडच्या कुसुमा राजय्यांनी काढलं. त्याचा धागा तुटका, म्हणून कातावा लागतो, चमकही कमी. दुकानात विचारलंत तर दोन्ही प्युअर. लग्नाला आणि पंचकल्याणकाला आपण बहुतेकजणी कोणतं प्युअर नेसतो, हे सांगायला नको.

मधाचं तर त्याहून गमतीचं. बाटलीवर ‘प्युअर’ असतं आणि शाकाहाराचा हिरवा ठिपकाही असतो. आणि आपल्याकडे श्रावकाच्या मूलगुणांत मद्य आणि मांस यांच्याबरोबर मधाचाही त्याग सांगितलाय. दुकानात जे दोनदा प्युअर, ते आपल्या घरात वर्ज्य. यात दुकानदार लबाड नाही, आपणही वेडे नाही. त्याचं प्युअर म्हणजे साखरेचा पाक नसलेलं, आपलं म्हणजे जिवाची हिंसा नसलेलं. म्हणून प्युअर शब्द ऐकला की लगेच विचारावं: काय नसलेलं?

हा प्रश्न भाड्याच्या खोलीच्या दारात विचारला, की गोष्ट गंभीर होते. बाहेरगावच्या मुली इथे शिकायला, नोकरीला येतात. फोनवर पहिला प्रश्न ठरलेला: “प्युअर व्हेज ना?” मुलगी म्हणते, “हो, काकू.” मग दुसरा प्रश्न येतो: “आडनाव काय?” पुष्कळदा आडनाव सांगितल्यावर खोली कालच गेलेली असते.

ताटाचं उत्तर मिळालं होतं, मग आडनाव कशाला हवं होतं? याचं उत्तर आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. पूर्वी सोवळं-ओवळं तोंडावर विचारत. ते वाईटच होतं, पण निदान काय विचारलंय ते कळायचं. आता तोच प्रश्न हॉटेलच्या पाटीवरचा शब्द पांघरून येतो आणि विचारणारीला आपण कुणाला दुखावलं असं वाटतही नाही. ऐकणारीला मात्र बरोबर कळतं.

माझ्या चुलीवर काय शिजावं हे मी ठरवावं, यात गैर नाही. कुणी म्हणेल, जीवदया पाळतो म्हणून तर विचारतो. मान्य. मग शेतात, बाजारात, ताटात काय येतं एवढं विचारून थांबावं. जीवदयेला आडनाव लागत नाही.

आणि शुद्ध या शब्दाबद्दल आपल्या आचार्यांइतकं जपून कोण बोललं असेल? कुंदकुंदाचार्यांनी ‘प्रवचनसारा’त भावांचे तीन प्रकार सांगितले: अशुभ, शुभ आणि शुद्ध. त्यात आपलं दान, आपली पूजा, आपले उपवास ‘शुभा’त बसतात. शुद्ध त्याच्याही पलीकडे, जिथे राग-द्वेषाची भेसळ उरत नाही. पूजेलाही जो शब्द त्यांनी सहज दिला नाही, तो आपण रंगाऱ्याकडून गेटवर लिहून घेतो.

दशलक्षण पर्वात एक दिवस उत्तम शौचाचा असतो. त्या दिवशी प्रवचनात आंघोळीबद्दल, भांड्यांबद्दल काही नसतं. शौच म्हणजे लोभ नसणं, एवढाच त्याचा अर्थ सांगतात. त्याआधी मार्दव येतं, म्हणजे कुळाचा, जातीचा, रूपाचा, धनाचा मद नसणं. काय नसलेलं, या प्रश्नाचं आपल्या धर्मातलं उत्तर हे असं तयार आहे. ते दुसऱ्याला फोनवर विचारता येत नाही. ज्याचं त्यानेच तपासायचं.

तूप, सोनं, साडी खुशाल पारखून घ्यावी; पैसे देतो, फसायचं कशाला? पण दारात उभ्या मुलीला विचारायचंच असेल तर एवढं विचारावं: “जेवण झालं का गं?”