येशू, ईसा आणि श्रोत्याचा धर्म

कल्याण सोडले की विठ्ठलवाडी लागते, मग उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर. हरिनाम सप्ताहांच्या निमित्ताने या पट्ट्यात आमचे वरचेवर जाणे होते. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेली मंडळी उल्हासनगरच्या छावणीत वसली. अंबरनाथच्या कारखान्यांनी चहूकडचे कामगार आणले. बदलापुरात आता मुंबईचा माणूस घर शोधीत येतो. एका चाळीत, एका पाळीवर, गाडीच्या एका डब्यात वारकरी, मुसलमान, ख्रिस्ती, सिंधी असे सारे दाटीने असतात. साहजिकच कीर्तन आटोपल्यावर कोणी ना कोणी विचारतो, "महाराज, ख्रिस्ती लोक येशू म्हणतात, मुसलमान ईसा म्हणतात. पुरुष एकच ना? मग भांडण कशाचे, आणि खरे कोणाचे?"

यावर दोन उत्तरे तयार असतात. एक म्हणजे "अहो, सगळे एकच!" आणि दुसरे "आपल्याला काय करायचंय त्यांचं?" दुसऱ्या उत्तरात आळस उघड दिसतो. पहिल्यात तोच आळस भक्तीची शाल पांघरून बसलेला असतो. शास्त्राची शिस्त अशी की पूर्वपक्ष मांडावा तो असा की ज्याचा तो पक्ष, त्याने "होय, हेच माझे म्हणणे" अशी मान डोलवावी. निर्णयाची गोष्ट पुढची. म्हणून आधी दोघांचे म्हणणे नीट ऐकू या.

मुसलमान बांधव हजरत ईसांना थोर पैगंबरांत गणतात. त्यांचा जन्म कुमारी मरियमच्या पोटी झाला हे त्यांना मान्य आहे. कुराणाचा एकोणिसावा अध्याय त्या माऊलीच्याच नावाचा आहे. ईसांनी आंधळ्यांना दृष्टी दिली, मेलेल्यांना उठविले, हेही मान्य. मात्र ते ईश्वराच्या आज्ञेने. परंतु ईसा ईश्वर नव्हेत आणि ईश्वराचे पुत्रही नव्हेत. ईश्वर एकमेव, त्याला भागीदार नाही, संतती नाही. शत्रूंनी ईसांना क्रूसावर मारले हेही कुराण मानीत नाही. लोकांना तसे भासले, ईश्वराने त्यांना आपल्याकडे उचलून घेतले, असे ते सांगते.

ख्रिस्ती बांधवांची श्रद्धा अशी की येशू पूर्ण देव आणि पूर्ण माणूस. ते क्रूसावर खरोखर मेले, तिसऱ्या दिवशी उठले, आणि त्या मरणातच जगाचा उद्धार आहे. क्रूस काढून घेतला तर त्यांच्या धर्माचा कणाच मोडतो. हा वाद त्यांच्या घरातही होऊन गेला आहे. अलेक्झांड्रियाचे एरियस नावाचे धर्मोपदेशक म्हणत की पुत्र श्रेष्ठ खरा, पण तो निर्माण केलेला. इसवी सन ३२५ मध्ये निकिया येथे धर्मसभा भरली आणि तिने एरियसचे मत नाकारले. तेव्हा महंमद पैगंबरांच्या जन्माला अडीचशे वर्षे अवकाश होता.

आता वाचकहो, घटकाभर थांबून पाहा. दोघेही एकेक ठेवा राखीत आहेत. एकाला भय आहे की देवाला माणसाच्या पातळीवर आणले तर देवाचे देवपण बुडेल. दुसऱ्याला भय आहे की देव वरच राहिला, माणसाच्या दुःखात उतरलाच नाही, तर प्रेम हा नुसता शब्द उरेल. ही दोन्ही भये आपल्या ओळखीची आहेत. निर्गुणाचा अभिमानी सगुणाला नावे ठेवतो आणि सगुणाचा भक्त निर्गुणाला कोरडे म्हणतो. हे वाद आपल्या फडांतून काय थोडे झाले?

ओळख पटली की आपली जीभ मात्र लगेच घसरते. "मग येशू म्हणजे अवतारच की!" असे आपण म्हणून टाकतो. हेतू चांगला असतो, पण शब्द चुकतो. आपल्याकडे अवतार अनेक, आणि पुढेही व्हायचे आहेत. ख्रिस्ती माणसाला ते अवतरणे एकदाच आणि एकच. मुसलमानाला तर ती कल्पनाच मान्य नाही. म्हणजे आपला एक शब्द टाकून आपण दोघांचेही म्हणणे पुसले आणि वर मनात समाधान मानले की समेट केला. पाहुण्याच्या ताटात आपल्या आवडीचे वाढून त्याची भूक भागली असे समजावे, त्यातलाच हा प्रकार.

दुसरा वाद ग्रंथाचा, आणि तो पहिल्याशी जोडलेला आहे. मुसलमानांच्या मते कुराण हे ईश्वराचे प्रत्यक्ष वचन, अक्षरशः उतरलेले. ईसांनाही 'इंजील' नावाचा ग्रंथ मिळाला होता. पण ख्रिस्ती लोकांच्या हाती आज जे आहे त्यात मागाहून फेरफार झाला, असे त्यांचे बहुतेक पंडित म्हणतात. ख्रिस्ती म्हणतात, येशूंनी ग्रंथ लिहिला नाही आणि त्यांच्यावर उतरलाही नाही. चार शुभवर्तमाने ही त्यांच्याविषयीची साक्ष आहे. थोडक्यात, मुसलमानाच्या दृष्टीने देवाचा शब्द ग्रंथ होऊन आला, आणि ख्रिस्ती माणसाच्या दृष्टीने तो माणूस होऊन आला. म्हणून येशूंची तुलना पैगंबरांशी आणि बायबलाची कुराणाशी करणारा माणूस आरंभालाच वाट चुकतो.

पाठशाळेत बसलेल्यास यात नवल वाटू नये. मीमांसक म्हणतात वेद अपौरुषेय, त्याला कर्ताच नाही. नैयायिक म्हणतात वेद ईश्वराने रचला, म्हणूनच तो प्रमाण. मुसलमानांतही असाच वाद पेटला. कुराण अनादी की निर्माण केलेले? 'निर्माण केलेले' हे मत खलिफा मामूनने ८३३ साली सत्तेच्या जोरावर काजी-पंडितांवर लादू पाहिले. अहमद इब्न हनबल यांनी ते नाकारले आणि तुरुंगवास व फटके सोसले. मत कोणतेही असो, ते फटक्याने पटत नाही हे तेव्हाच दिसून आले.

हे वाद आपल्या भूमीपासूनही दूर नाहीत. अकबराने आमंत्रण धाडल्यावरून गोव्याचे जेझुइट पाद्री रोदोल्फो अक्वाविवा आणि अंतोनियो मोन्सेरात हे १५८० साली फत्तेपूर सिक्रीला पोहोचले. त्यांनी अनेक भाषांतील छापील बायबल बादशहाला अर्पण केले आणि त्याने ते आदराने मस्तकी लावले, अशी नोंद त्या पाद्र्यांचीच आहे. पुढे मुल्ला आणि पाद्री यांच्यात याच दोन प्रश्नांवर वाद झडले. बोलता बोलता अग्निदिव्याची गोष्ट निघाली. एकाने कुराण घेऊन आणि दुसऱ्याने बायबल घेऊन आगीत शिरावे. जो वाचेल त्याचे खरे. ही कल्पना प्रथम कोणाची, याविषयी दोन्हीकडच्या लेखांत मेळ नाही. पाद्र्यांनी मात्र नकार दिला. देवाची परीक्षा पाहणे हे त्यांच्या मते पाप. आगीत कोणीच गेले नाही.

सिक्रीला अक्वाविवा पाहुणे होते, तेथे त्यांच्या हाती फक्त शब्द होता. गोव्यात राज्य त्यांच्याच धर्माचे होते आणि सासष्टीत देवळे पाडली गेली होती. १५८३ साली कुंकळ्ळी येथे चिडलेल्या गावकऱ्यांनी अक्वाविवांना आणि त्यांच्या सोबत्यांना ठार केले. त्याच सासष्टीत पुढे थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली मराठी ओव्यांत छापले गेले. धर्म तोच, प्रांतही तोच. पण सत्ता शेजारी बसली की वादाचे विष होते आणि ओवी हाती घेतली की निदान कान तरी उघडतात.

न्यायशास्त्राने बोलण्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य कळावे म्हणून बोलणे तो वाद, जिंकण्यासाठी बोलणे तो जल्प, आणि स्वतःचे काही न मांडता दुसऱ्याचे नुसते पाडणे ती वितंडा. अग्निदिव्य हा जल्पाचा कळस आहे. कोणी म्हणेल, "महाराज, आमच्या तुकोबांची गाथा तेरा दिवसांनी इंद्रायणीतून कोरडी वर आली, ते काय?" ऐका. तुकोबांनी गाथा पाण्यात घालून कोणाशी पैज मारली नव्हती. वह्या बुडवाव्या लागल्या आणि ते विठ्ठलाच्या दारी अन्नपाणी सोडून पडून राहिले. त्या कथेत विरह आहे, आव्हान नाही. ती कथा घेऊन जो दुसऱ्याच्या ग्रंथाला डिवचायला निघाला, त्याने ती कथाच बुडविली.

आणि नाथमहाराज? त्यांच्या 'हिंदु-तुर्क संवादा'त दोघे एकमेकांच्या देवावर, ग्रंथावर, आचारावर सडकून बोलतात. नाथांनी कोणाचीच भीड ठेवली नाही. शेवटी मात्र ते दोघे एकमेकांना आलिंगन देतात. आधी पूर्ण बोलणे, मग आलिंगन. हा क्रम ध्यानात धरावा. न बोलता घेतलेली मिठी वरवरची असते.

मग खरे कोणाचे? आमचे उत्तर सरळ आहे. येशू क्रूसावर मेले आणि मेले नाहीत, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी होऊ शकत नाहीत. 'सगळे एकच' म्हटल्याने हा विरोध मिटत नाही. परंतु दोघांचे प्रमाण त्यांचा त्यांचा शब्द आहे. ज्याने यांपैकी कोणताच शब्द प्रमाण मानलेला नाही, त्याने न्यायासनावर बसू नये. त्याला श्रोत्याचा अधिकार आहे, आणि तो काही लहान नव्हे.

श्रोत्याचा धर्म असा : परक्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत सांगता येईतो त्यावर मत देऊ नये. एकाच्या तोंडून दुसऱ्याची निंदा ऐकून ती पुढे नेऊ नये; या वादात ख्रिस्ती माणसाची बाजू घेऊन मुसलमानाला टोचणे किंवा मुसलमानाची घेऊन ख्रिस्ती माणसाला टोचणे, हे आपले वैर दुसऱ्याच्या देवाच्या नावावर खपविणे आहे. कोणाचाही ग्रंथ हाती आला तर तो जमिनीवर ठेवू नये. आणि ज्या निष्ठेने हे लोक आपापल्या शब्दाला चिकटून आहेत, ती निष्ठा आपल्या गळ्यातील तुळशीच्या माळेशी आपली आहे का, हे एकादशीच्या दिवशी एकदा स्वतःला विचारावे. असो. रामकृष्ण हरि.