सही दोघांची हवी

खासगी रुग्णालयात नोकरीला लागणाऱ्या नर्सकडून पहिल्याच दिवशी बाँड लिहून घेण्याची पद्धत आपल्याकडे वर्षानुवर्षे चालत आली आहे. इतकी वर्षे सोडून जाणार नाही, गेलेच तर इतकी रक्कम भरीन. सोबत जीएनएम किंवा बीएस्सीची मूळ प्रमाणपत्रे आणि नर्सिंग कौन्सिलचे नोंदणीपत्र ऑफिसात जमा. नर्सने काय करायचे आणि काय करायचे नाही, ते सगळे त्या कागदावर असते. मात्र एका पाळीत तिच्याकडे जास्तीत जास्त किती रुग्ण दिले जातील, बदली आली नाही म्हणून तिला डबल ड्युटीला थांबवले तर त्याचे काय मिळेल, अपुऱ्या माणसांमुळे एखादी चूक झाली तर जबाबदारी कोणाची, यावर एक ओळही नसते. नर्स बांधली जाते, रुग्णालय मोकळे राहते. या कागदाची दुसरी बाजू एकट्या नर्सला कधीच लिहून घेता येणार नाही. ते काम संघटनेचे आहे, आणि ते झाले तर त्याचा फायदा खाटेवर पडलेल्या माणसाला सगळ्यांत आधी होईल, असे मी हा लेख लिहिताना ठामपणे मानतो.

ऑक्टोबर २०११ मध्ये मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयात काम करणाऱ्या, केरळहून आलेल्या तरुण नर्सने आत्महत्या केली. तिला नोकरी सोडायची होती, पण बाँड पुढे करून तिची प्रमाणपत्रे अडवून ठेवण्यात आली, असा आरोप तिच्या सहकाऱ्यांनी केला. त्या रुग्णालयातल्या नर्सेस निषेधासाठी बाहेर आल्या. मुंबईच्या वर्तमानपत्रांत बातमी काही दिवस राहिली आणि मागे पडली. केरळमध्ये ती मागे पडली नाही. नर्सिंग कॉलेजची फी भरण्यासाठी कर्ज काढलेली, शिकून पाच हजारांच्या आतल्या पगारावर राबणारी मुलगी तिथे गल्लोगल्ली होती, आणि मुंबई-दिल्लीला गेलेल्या मुलींची पत्रे आणि फोन घरोघर येत होते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्रिशूरमध्ये युनायटेड नर्सेस असोसिएशन उभी राहिली. पुढच्याच महिन्यात कोलकात्याच्या एका मोठ्या रुग्णालयाला आग लागून नव्वदच्या आसपास माणसे मेली. त्यांत रुग्णांना बाहेर काढता काढता जीव गमावलेल्या केरळच्या दोन नर्सेस होत्या. त्यांच्या धैर्याचे देशभर कौतुक झाले, आणि त्यांच्यासारख्याच हजारो जणी त्या महिन्यातही तुटपुंज्या पगारावर राबत होत्या.

या संघटनेने केलेले पहिले काम अगदी साधे होते. वॉर्डावॉर्डांतून सभासद नोंदवायचे, मागणीपत्र लिहायचे, ते व्यवस्थापनाकडे द्यायचे आणि उत्तराची वाट पाहायची. उत्तर बहुधा बडतर्फीच्या नोटिशीने येई. मग गेटवर बसायचे. एका रुग्णालयात मिळालेली वाढ दुसऱ्या रुग्णालयातल्या मुलींच्या कानावर जायची आणि तिथले मागणीपत्र तयार व्हायचे. राज्य सरकारला समिती नेमावी लागली. चेर्तल्याच्या एका रुग्णालयातला संप ऑगस्ट २०१७ मध्ये सुरू झाला आणि दोनशेहून अधिक दिवस चालला. शेवटी नर्सेसनी चेर्तल्याहून तिरुवनंतपुरमच्या सचिवालयापर्यंत पायी मोर्चा जाहीर केला. तो २४ एप्रिल २०१८ ला निघायचा होता. आदल्या संध्याकाळी सरकारने खासगी रुग्णालयांतल्या नर्सेससाठी किमान २० हजार रुपये पगाराची अधिसूचना काढली.

ही रक्कम आकाशातून पडलेली नव्हती. जानेवारी २०१६ मध्ये ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडियाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला समिती नेमायला सांगितले होते. समितीने शिफारस केली: दोनशेहून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयात राज्य सरकारच्या नर्सइतका पगार, शंभर ते दोनशे खाटांना त्याहून फार तर १० टक्के कमी, पन्नास ते शंभर खाटांना फार तर २५ टक्के कमी, आणि पन्नासहून कमी खाटा असतील तरी २० हजारांच्या खाली नाही. ही शिफारस केंद्राने सगळ्या राज्यांना कळवली, महाराष्ट्रालाही. कागद एकच होता. केरळात त्याच्यामागे रस्त्यावर बसलेल्या नर्सेस होत्या आणि आपल्याकडे, निदान खासगी रुग्णालयांत, कोणीच नव्हते. या दोन राज्यांतला फरक मला तरी एवढाच दिसतो.

पुढे २०१९ मध्ये युनायटेड नर्सेस असोसिएशनच्या निधीबद्दल आरोप झाले, पोलीस तपास लागला. ते लपवण्यात अर्थ नाही. सभासदांच्या वर्गणीवर चालणाऱ्या संघटनेने हिशोब उघडा ठेवलाच पाहिजे, आणि जी ठेवत नाही तिला सभासदांनी जाब विचारला पाहिजे. पण एखाद्या संघटनेचा हिशोब बिघडला म्हणून वॉर्डातली खाटांची आणि नर्सेसची संख्या सुधारत नाही.

पगार हा या प्रश्नाचा दिसणारा भाग आहे. खरा भाग रात्रीच्या वॉर्डात असतो. वीस-बावीस खाटा, एक नर्स, एक मावशी. पाळी सुरू होताच आधीच्या सिस्टरकडून ओव्हर घ्यायचा: कोणाचे ऑपरेशन झाले, कोणाला उपाशी ठेवायचे, कोणाची लघवी मोजायची. नऊच्या गोळ्या, दहाची अँटिबायोटिक, प्रत्येकाची वेगळी, काही सावकाश सोडायची. एकाच वेळी दोन खाटांवरून हाक येते, ‘सिस्टर, सलाईन संपली.’ बाराला नवीन ॲडमिशन, नातेवाइकांच्या सह्या, रक्त लॅबला पाठवणे. दुपारी ऑपरेशन झालेल्या माणसाची नाडी दोनच्या सुमारास थोडी वाढलेली असते आणि रक्तदाब थोडा उतरलेला. आत रक्तस्राव सुरू झाला असेल तर डॉक्टरला उठवण्याची वेळ हीच. पण हा ‘थोडा’ फरक त्याच माणसाला तासाभरापूर्वी पाहिलेल्या नर्सलाच कळतो, आणि बावीस खाटा सांभाळणारी नर्स तासाभरापूर्वी त्याच्यापर्यंत पोचलेलीच नसते. पहाटे चार्ट पुरा करताना मधल्या वेळचे आकडे अंदाजाने लिहिले जातात. सकाळी राउंडला आलेले डॉक्टर ते आकडे पाहून निर्णय घेतात.

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सांगतो की अध्यापन रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात तीन रुग्णांमागे एक नर्स हवी, इतर सर्वसाधारण रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक. डिस्चार्जच्या वेळी हातात पडणारे बिल वाचकांनी एकदा नीट पाहावे. त्यात दिवसागणिक ‘नर्सिंग चार्जेस’ लावलेले असतात. ते पैसे आपण भरतो. त्या पैशांत आपल्या खाटेमागे नर्सचा किती वेळ विकत घेतला, हे विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे, पण आपण ते कधी विचारत नाही.

२००२ मध्ये लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेन्सिल्वेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्या २ लाख ३२ हजारांहून अधिक रुग्णांची नोंद त्यांनी तपासली होती. नर्सकडे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, असे त्यांना आढळले. चार रुग्णांऐवजी आठ दिले तर काय होते, याचा हिशोब वाचकच करू शकतील. त्याआधीच, १९९९ मध्ये, कॅलिफोर्नियाने नर्समागे किती रुग्ण असावेत याचा कायदा केला होता आणि तो २००४ पासून लागू झाला. त्यासाठी तिथल्या नर्सेसच्या युनियनने अनेक वर्षे पाठपुरावा केला होता.

मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वूस्टर शहरात तर हीच मागणी संपाचे मुख्य कारण ठरली. सेंट व्हिन्सेंट रुग्णालय हे डॅलसच्या टेनेट कंपनीच्या मालकीचे. ८ मार्च २०२१ रोजी तिथल्या सुमारे सातशे नर्सेस संपावर गेल्या. कोविडच्या लाटांत एकेका नर्सकडे किती रुग्ण टाकले गेले, हे त्यांनी सोसलेले होते. ऑगस्टपर्यंत नर्सेसच्या संख्येवर जवळजवळ एकमत झाले. तरी संप मिटला नाही. कंपनीने मधल्या काळात कायम बदली नर्सेस भरल्या होत्या आणि संपातल्या सगळ्यांना त्यांच्याच वॉर्डात, त्यांच्याच पाळीत परत घ्यायला ती तयार नव्हती. काही जणी परत जातील, काही बाहेर राहतील, असा तह नर्सेसनी नाकारला आणि थंडी आली तरी आणखी चार महिने त्या फाटकाबाहेर उभ्या राहिल्या. डिसेंबरात अमेरिकेचे कामगारमंत्री मार्टी वॉल्श मध्ये पडले, सगळ्यांना आपापली जागा मिळाली, आणि जानेवारी २०२२ मध्ये करारावर मतदान झाले. ३०१ दिवस. हातात आलेला घास बाजूला ठेवून शेवटच्या सहकारिणीसाठी थांबणे, याला मी संघटना म्हणतो.

‘नर्सेस संपावर गेल्या तर रुग्णांचे काय?’ हा प्रश्न लगेच येतो आणि तो खोटा नाही. आपल्याकडे संपाची आगाऊ नोटीस द्यावी लागते, आणि अतिदक्षता व तातडीचे विभाग चालू ठेवण्याचा प्रघात जबाबदार संघटना पाळतात. तो पाळलाच पाहिजे, यात माझ्या मते तडजोड नाही. पण संपाचा दिवस ठळक बातमी होतो. एका नर्सकडे बावीस रुग्ण असलेल्या रात्री वर्षभर येतात, त्यांची बातमी होत नाही आणि त्यांच्यावर मेस्मा हा अत्यावश्यक सेवांचा कायदा लावण्याची भाषाही कोणी करत नाही. शिवाय वाटाघाटीचा रस्ता उघडा असेल तर संपाची वेळ क्वचितच येते. युनियनला भेटायलाच नकार देणारे व्यवस्थापन संपाची निम्मी तयारी स्वतः करत असते.

दुसरी भीती मराठी मध्यमवर्गाच्या मनात खोल आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी संप आणि त्यानंतर बंद पडलेल्या गिरण्या आपण विसरलेलो नाही. युनियन आली की धंदा बुडतो, असे घराघरांत पक्के बसले आहे. गिरणगावच्या उद्ध्वस्त होण्याला जमिनीच्या किमतीपासून जुन्या यंत्रांपर्यंत कितीतरी कारणे होती. ती बाजूला ठेवली तरी एवढे उरतेच, की गिरणी दुसऱ्या राज्यात नेता येते, पुण्यातल्या रुग्णाची खाट पुण्यातच लागते.

लहान रुग्णालयांची अडचण मात्र मला खरी वाटते. डॉक्टर नवरा-बायकोने कर्ज काढून चालवलेल्या वीस खाटांच्या रुग्णालयाला शहरातल्या कॉर्पोरेट रुग्णालयाची पगारपत्रके झेपणार नाहीत. तिथे आज काय चालते तेही सगळ्यांना माहीत आहे. दहावी-बारावी झालेल्या मुली पांढरा कोट घालून हाताखाली शिकतात आणि वर्षभरात इंजेक्शने देऊ लागतात. सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून नेमलेल्या समितीने खाटांप्रमाणे पायऱ्या ठेवल्या त्या यासाठीच. अशा रुग्णालयांना मदत कशी करायची हा सरकारच्या आरोग्य विम्याच्या दरांचा प्रश्न आहे, आणि तो जरूर सोडवावा. त्या वीस खाटांच्या आडोशाने चारशे खाटांच्या रुग्णालयाने हात वर करू नयेत.

सरकारी रुग्णालयांतल्या नर्सेसची संघटना महाराष्ट्रात आहे, जुनी आहे आणि लढते. मे २०२२ च्या अखेरीस खासगी संस्थांमार्फत कंत्राटी नर्सेस भरण्याच्या निर्णयाविरुद्ध त्या संपावर गेल्या होत्या. कंत्राटी नर्स त्याच वॉर्डात तीच पाळी करते, पण मुदत संपत आली की मुदतवाढीच्या चिंतेत असते. वॉर्डात माणसे कमी आहेत अशी तक्रार लेखी देण्याची हिंमत ती कुठून आणणार? खासगीत तर सगळ्याच जणी तशा.

आता कायदा बदलला आहे आणि त्याकडे नर्सेसच्या बाहेर फारसे कोणी पाहिलेले नाही. १९७८ मध्ये बंगलोर वॉटर सप्लाय खटल्यात न्या. कृष्णा अय्यर यांच्या निकालाने रुग्णालये ‘उद्योग’ ठरली आणि नर्सला कामगार कायद्याचे संरक्षण मिळाले. १९८२ मध्ये रुग्णालये वगळण्याची दुरुस्ती संसदेने केली, पण ती कधी लागूच झाली नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता अमलात आली. तिच्यात ५१ टक्के सभासद असलेल्या युनियनला वाटाघाटीचा हक्क दिला आहे, ही चांगली गोष्ट. पण धर्मादाय किंवा परोपकारी काम करणाऱ्या संस्थांच्या मालकीच्या वा व्यवस्थापनाखालच्या संस्था ‘उद्योगा’च्या व्याख्येतून वगळल्या आहेत. मुंबई-पुण्यातली बरीच मोठी नावाजलेली रुग्णालये ट्रस्टची आहेत. तिथले बिल कॉर्पोरेट रुग्णालयाच्या बिलाशेजारी ठेवले तर फरक शोधावा लागतो. तिथली नर्स मात्र या व्याख्येमुळे उद्या कामगार कायद्याच्या दारात दाद मागायला उभीही राहू शकणार नाही, अशी भीती आहे.

यावर महाराष्ट्र सरकारच्या हातात एक उपाय आहे. ट्रस्टच्या रुग्णालयांना करात सवलत मिळते, अनेकांना सरकारी जमीन मिळाली आहे, आणि त्याबदल्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेप्रमाणे त्यांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. सवलतीला अट जोडता येते हे आपण वीस वर्षांपूर्वी मान्य केले आहे. त्याच पद्धतीने आणखी अटी घालाव्यात: नर्सची मूळ प्रमाणपत्रे कोणत्याही कारणाने अडवायची नाहीत, सभासदांचे बहुमत असलेल्या नर्सेसच्या युनियनशी लेखी करार करायचा, आणि त्या करारातली प्रत्येक पाळीची रुग्णसंख्या वॉर्डाच्या दारावर, रुग्णाच्या नातेवाइकाला वाचता येईल अशी लावायची. धर्मादाय आयुक्तांकडे ही मागणी नर्सेसच्या संघटना करतीलच. तिच्यावर रुग्णांच्या, नातेवाइकांच्या, रुग्णहक्कांसाठी झटणाऱ्या कार्यकर्त्यांच्या आणि नर्सच्या नोंदीवर विसंबून राउंड घेणाऱ्या डॉक्टरांच्याही सह्या असायला हव्यात. २२ मार्च २०२० ला ज्यांनी खिडकीत उभे राहून टाळ्या वाजवल्या, त्यांनी ही सही करावी, अशी माझी विनंती आहे.