निकालाची साक्ष

बुद्धिबळाच्या जागतिक अजिंक्यपदासाठी किंवा विंबल्डनच्या हिरवळीवर, केवळ फी भरली म्हणून कोणा हौशी इसमास उभे राहू दिले जात नाही. तेथे पोहोचावयाचे तर पात्रतेच्या अनेक पायऱ्या चढाव्या लागतात, आणि त्या चढता चढताच बहुतेकांची हौस जिरते. पोकर या पत्त्यांच्या खेळाची जी सर्वांत प्रतिष्ठित स्पर्धा दरवर्षी अमेरिकेतील लास व्हेगास शहरी भरते, तिचा शिरस्ता मात्र अगदी निराळा आहे. १९७२ सालापासून तिच्या मुख्य स्पर्धेची फी दहा हजार डॉलर इतकीच राहिली असून, ती जो भरील, अथवा एखादी लहान पात्रता-स्पर्धा जिंकून जो आपली जागा मिळवील, त्याच्या धंद्याची वा पूर्वकर्तृत्वाची कसलीही चौकशी न करता त्यास बैठक नेमून दिली जाते. आणि ही नेमणूक सोडतीने होत असल्यामुळे शेजारच्या खुर्चीवर माजी जगज्जेता येऊन बसणार की आपल्यासारखाच रजा काढून आलेला कोणी शाळामास्तर, हे त्याला आधी ठाऊक नसते.

या उघड्या दारातून आत गेलेल्यांचा इतिहास मोठा वाचनीय आहे. शिकागोच्या एका कलाशाळेत अध्यापन करणारे कवी-कादंबरीकार जेम्स मॅकमॅनस यांना २००० साली ‘हार्पर्स’ मासिकाने त्या स्पर्धेचा वृत्तांत लिहिण्यास पाठविले असता, मासिकाने दिलेल्या आगाऊ रकमेतूनच त्यांनी पात्रता-स्पर्धेत बैठक घेतली, ती जिंकली, आणि ५१२ खेळाडूंच्या मुख्य स्पर्धेत ते थेट पाचव्या क्रमांकापर्यंत जाऊन पोहोचले. बक्षीस म्हणून जवळजवळ अडीच लाख डॉलर त्यांच्या पदरात पडले. तीनच वर्षांनी टेनेसी राज्यातील ख्रिस मनीमेकर नावाच्या एका हिशेबनीसाने, इंटरनेटवरील ८६ डॉलरांच्या पात्रता-स्पर्धेपासून आरंभ करून, ८३९ जणांत पहिला क्रमांक आणि २५ लाख डॉलर मिळविले. त्यांचा एक डाव आजही सांगितला जातो: हाती साधी जोडीसुद्धा नसताना त्यांनी मुरब्बी सॅम फार्हा यांच्यासमोर आपली सारी रास मध्ये लोटली, आणि नव्व्यांची जोडी, म्हणजे निःसंशय श्रेष्ठ पाने, हाती असूनही फार्हा यांनी बराच वेळ विचार करून डाव सोडला. पुढच्याच वर्षी स्पर्धकांची संख्या २,५७६ झाली, २००६ साली ८,७७३, आणि २०२३ साली तिने दहा हजारांचा आकडा ओलांडला.

मनीमेकर यांचे धैर्य खरे होते आणि त्यांचे यशही खरे होते. परंतु त्या यशापासून असंख्य हौशी लोकांनी जे अनुमान काढले, की हिशेबनीस जिंकू शकतो त्या अर्थी कसलेल्या खेळाडूत आणि आपल्यात फारसे अंतर नाही, त्यास एवढा एकच पुरावा कसा पुरावा? माझ्या मते या स्पर्धेची जी घडण हौशी माणसाला आत येण्याची मुभा देते, तीच घडण त्याला मिळालेल्या निकालाचा दाखला कच्चा करून ठेवते. आणि ही गोष्ट मनात पक्की ठसवून जो बसतो, त्यालाच त्या बैठकीपासून मिळण्यासारखे काही मिळते.

ही घडण थोडी तपशिलाने पाहिली पाहिजे. अलीकडच्या काळात मुख्य स्पर्धेत प्रत्येकास आरंभी साठ हजार चिप्स मिळतात. या चिप्स म्हणजे पैसे नव्हेत; त्या घेऊन मध्येच उठून जाता येत नाही, आणि संपल्या की फिरून फी भरून परतही येता येत नाही. दर दोन तासांनी सक्तीच्या बाजीची रक्कम वाढत जाते, त्यामुळे जो नुसता बसून राहतो त्याची रास आपोआप झिजते. दोन एक्के हाती येण्याचा योग सरासरीने २२१ डावांत एकदा असतो, आणि अशा बैठकीत तासाला पंचवीस-तीस डावांहून अधिक होत नाहीत; म्हणजे उत्तम पानांची वाट पाहणाऱ्यास सात-आठ तासांत एकदा ती भेटावीत, आणि भेटतील तेव्हा समोरच्याने डाव सोडलेला असावा, हेही पुष्कळदा घडते. बरे, उत्तम पाने मिळाली आणि समोरचाही भिडला, तरी दोन एक्क्यांचा जय दुसऱ्या एखाद्या जोडीविरुद्ध पाचांत सुमारे चार वेळा होतो, पाचही वेळा नव्हे. आता आपल्यापेक्षा मोठ्या राशींसमोर, प्रत्येक वेळी इतक्याच अनुकूल स्थितीत, पाच वेळा सर्वस्व पणाला लावण्याचा प्रसंग आला असे धरून चाला. पाचही प्रसंगांतून जिवंत बाहेर पडण्याची शक्यता शेकडा तेहतीससुद्धा भरत नाही. ज्याने एकही निर्णय चुकीचा घेतला नाही, असा खेळाडूदेखील तीनांतून दोन वेळा घरी जाईल, हा हिशेब कोणत्याही आशावादाने पुसला जाणारा नाही.

अशा ठिकाणी बसलेल्या नवख्या माणसाची अवस्था मला फार सहानुभूतीची वाटते. शेकडो मेजांवर एकाच वेळी चिप्स एकमेकींवर आपटल्याचा जो अखंड कडकडाट चाललेला असतो, त्यात स्वतःचा विचारही धड ऐकू येत नाही. पहिली मोठी बाजी लावताना त्याचा हात उघड उघड थरथरतो, आणि समोरचा अनुभवी मनुष्य त्या थरथरीचा अर्थ भीती असा न करता उत्तम पाने असा करतो, व तो बहुधा बरोबरही असतो. पुढे बक्षिसाची सीमा जवळ येते. २०२३ साली १०,०४३ स्पर्धकांपैकी १,५०७ जणांनाच बक्षीस मिळाले. ती सीमा ओलांडण्यास एकदोघेच बाद व्हावयाचे उरले, की साऱ्या दालनात एकेक डाव एकदम खेळविला जातो. एका मेजावरचा डाव संपला तरी इतर सर्व मेजांवरचा संपेपर्यंत पुढची पाने वाटली जात नाहीत, आणि त्या सक्तीच्या स्तब्धतेत लोक खुर्च्यांवरून उठून, माना उंचावून, दूरच्या कोणत्या मेजावर कोणाचे सर्वस्व पणाला लागले आहे ते पाहू लागतात. किमान बक्षीस पंधरा हजार डॉलरांचे. ज्याने फी पोटाला चिमटा घेऊन जमविली आहे त्याला ती रक्कम हातची जाऊ नये असे वाटणे स्वाभाविक आहे. पण नेमक्या त्याच वाटण्यावर टपून कसलेले खेळाडू त्या घटकेला आपल्या बाज्या वाढवीत असतात.

मॅकमॅनस ज्या वर्षी पाचवे आले, त्याच वर्षीचा अखेरचा डाव माझ्या मुद्द्यास सर्वांत पोषक आहे. टी. जे. क्लूटिए यांच्या हाती एक्का आणि राणी होती, ख्रिस फर्ग्युसन यांच्या हाती एक्का आणि नव्वी. क्लूटिए यांचे सर्व काही मध्ये पडले होते, आणि मधल्या सामाईक पानांपैकी शेवटचे उलटावयाचे राहिले असताना फर्ग्युसन यांना डाव जिंकून देईल असे पान एकच, नव्वी. न दिसलेल्या ४४ पानांत अशा तीनच. ती पडली. निकालाच्या दप्तरात २००० सालचे जगज्जेते म्हणून फर्ग्युसन यांचे नाव नोंदले गेले, आणि ते योग्यच झाले. परंतु त्या क्षणी अधिक चांगली पाने घेऊन भिडलेला मनुष्य कोण होता, हे त्या दप्तरावरून कोणास कळणार नाही.

निकालावर न विसंबता डाव कसा जोखावा, या प्रश्नाला आपल्याकडे फार जुने उत्तर आहे, आणि ते विदर्भाच्या वाटेवर दिले गेले. पुष्कराशी खेळलेल्या द्यूतात राज्य हरलेला नल बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्णाचा सारथी होतो, आणि दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता ऐकून दोघे विदर्भाकडे निघाले असता राजा वाटेतल्या एका बेहड्याच्या झाडाकडे पाहून त्याची पाने व फळे किती ते सांगतो. नलाला ते खरे वाटत नाही. रथ थांबवून, झाड पाडून, तो फळे स्वतः मोजतो, आणि संख्या जुळल्यावर अश्वविद्येच्या मोबदल्यात अक्षहृदय ही फाशांची विद्या शिकून घेतो. त्या विद्येचा संबंध महाभारतकारांनी मंत्रतंत्राशी न जोडता गणनेशी जोडला, याचे मला वारंवार नवल वाटते. बेहड्याच्या फळांचेच फासे करीत, हे लक्षात घेतले म्हणजे ते झाड तेथे का उभे आहे हेही उमगते. नलाच्या अंगात शिरलेला कली बाहेर पडतो तो ही विद्या हस्तगत झाल्यावर; पुष्कराशी दुसरा डाव मांडला जातो आणि जिंकला जातो तो त्यानंतर. ही कथा बृहदश्व ऋषी सांगतात ती वनवासातल्या युधिष्ठिराला. ज्याने पणाला लावता येईल ते सारे लावले आणि एकदाही मोजले नाही, त्यालाच.

म्हणून पोकर हा कौशल्याचा खेळ की दैवाचा, हा आपल्याकडे न्यायालयांपासून चावडीपर्यंत चर्चिला जाणारा प्रश्न मला अपुरा वाटतो. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमीत कौशल्याचे प्राधान्य मानले. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना, कौशल्य असो वा दैव असो, सरसकट मनाई केली, आणि त्यामुळे कित्येक घरांची धूळधाण थांबत असेल तर माझी त्या मनाईबद्दल तक्रार नाही. पण एका डावापुरते पाहिले तर दैव धनी, आणि सहस्रावधी डाव पाहिले तर कौशल्य धनी. किती डावांविषयी विचारता, हे ठरविल्याखेरीज उत्तर संभवतच नाही. एक स्पर्धा म्हणजे, ती कितीही दिवस चालो, त्या लांब हिशेबाचा अगदी लहान तुकडा होय. लास व्हेगासला जो जातो त्याची, किंवा मांडवीच्या पात्रातील कॅसिनोच्या जहाजांकडे पणजीस जो जातो त्याची, फी पूर्ण बुडाली तरी घरातले एकही देणे अडता कामा नये, ही अट मी कौशल्याच्या कोणत्याही पाठाआधी घालीन, कारण उसन्या पैशाने बसलेल्या माणसाला पानांचा विचार करताच येत नाही.

आणि ज्याला करता येतो, त्याने काय करावे? २०२३ साली ८,५३६ जण रिकाम्या हाताने परतले. त्यांत पुष्कळांनी शेवटचा डाव बरोबर खेळला असेल, पुष्कळांनी चुकीचा. निकालाने दोघांना एकाच रांगेत उभे केले. या रांगेतून आपली सुटका करून घेण्याचा एक परिपाठ गंभीरपणे खेळणाऱ्यांत आहे, आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. आपला डाव मित्रासमोर मांडताना ते कोणाकडे किती चिप्स होत्या, कोणी किती लावले, मधली पाने कोणती पडली, हे सर्व क्रमाने सांगतात, आणि स्वतःचा निर्णय घ्यावयाचा जो क्षण, तेथे थांबतात. शेवटचे पान सांगत नाहीत. मित्र अधीर होऊन पुढे काय झाले ते विचारतो. त्याला उत्तर मिळते की ते नंतर, आधी तू काय केले असतेस ते सांग.