मंदसौरचा तह आणि तात्या जोग

सप्टेंबर 1814 मध्ये फ्रेंच मुत्सद्दी तालेराँ व्हिएन्नाच्या परिषदेला पोहोचला, तेव्हा त्याचा देश हरलेला होता. 1789 मध्ये, बिशप असूनही, चर्चची मालमत्ता राष्ट्राच्या ताब्यात द्यावी असा प्रस्ताव त्याने मांडला होता. पुढे तो नेपोलियनचा परराष्ट्रमंत्री झाला आणि नेपोलियन पडल्यावर बूर्बाँ राजाचा. त्याला संधिसाधू म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. पण पोलंड आणि सॅक्सनीवरून विजेत्यांत जुंपली आहे, हे त्याने हेरले. 3 जानेवारी 1815 रोजी रशिया आणि प्रशियाविरुद्ध जो गुप्त तह झाला, त्यावर ब्रिटन आणि ऑस्ट्रियाबरोबर पराभूत फ्रान्सचीही सही होती.

तीन वर्षांनी माळव्यात होळकरांचे कारभारी विठ्ठल महादेव किबे, म्हणजेच तात्या जोग, यांच्यावर तसाच प्रसंग आला. त्यांच्यापुढे विजेता मात्र एकच होता.

यशवंतराव होळकर 1811 मध्ये वारले. गादीवर अल्पवयीन मल्हारराव, कारभार तुळसाबाईंच्या हाती आणि लष्कर पगार थकल्याने बेभान, अशी राज्याची दशा होती. 20 डिसेंबर 1817 रोजी तुळसाबाईंना त्यांच्याच छावणीतल्या सरदारांनी क्षिप्रेकाठी ठार केले. दुसऱ्याच दिवशी महिदपूरला होळकरांचा तोफखाना इंग्रजांच्या हाती पडला. 6 जानेवारी 1818 रोजी मंदसौरला तह झाला. समोर इंग्रजांच्या वतीने जॉन माल्कम होता, होळकरांच्या बाजूने तात्या जोग.

तहात काय गेले, त्याची यादी जीवघेणी आहे. खानदेशासह सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख गेला. राजपूत राज्यांवरची खंडणी गेली. जावरा गफूरखानाला मिळाले, आणि परराज्यांशी परस्पर व्यवहार करण्याचा हक्क संपला. पण त्याच तहात आणखी एक कलम आहे: महाराजांची मुले, नातलग, चाकर आणि प्रजा यांच्याशी कंपनी सरकारचा काही संबंध नाही, त्यांच्यावर महाराजांचाच पूर्ण अधिकार. कंपनीची फौज मुलखात येणार हे ठरलेले असताना घराचा उंबरठा तरी आपला राहावा, एवढी तजवीज या कलमाने केली.

या तहाच्या खुणा आजही नकाशावर दिसतात. इंदूरच्या राजेंद्र नगर स्थानकावरून गाडी राऊमार्गे महूला जाते. महूची छावणी याच तहानंतर, 1818 मध्ये वसली; इंदूर होळकरांची राजधानी झाले तेही त्याच वर्षी. एकीकडे राजवाडा, दुसरीकडे काही कोसांवर इंग्रजी पलटण. राजेंद्र नगरची मराठी वस्ती या दोहोंच्या मधल्या वाटेवर उभी आहे.

तात्या जोग इंग्रजधार्जिणे होते, असा आक्षेप घेतला जातो. तो झटकून टाकण्याजोगा नाही, कारण या तहाने होळकरांचे स्वातंत्र्य संपले. तरीही ते स्वातंत्र्य महिदपूरच्या रणावर आधीच गेले होते, हे विसरून चालणार नाही. जून 1818 मध्ये याच माल्कमपुढे दुसरे बाजीराव शरण आले. त्यांना वर्षाला 8 लाखांचे वेतन मिळाले आणि बिठूर मिळाले, राज्य मिळाले नाही. पेशवाई मोडायचीच, असे इंग्रजांनी ठरवले होते, त्यामुळे ही तुलना सरळ नाही. पण पेंढारी आणि बेकार झालेले शिपाई यांनी गांजलेल्या माळव्यात इंग्रजांनाही एक चालते सरकार हवे होते. तालेराँला विजेत्यांमधल्या भांडणाचा आधार मिळाला. तात्यांना आधार होता तो विजेत्याच्या या गरजेचा.

त्यांची खरी परीक्षा तहानंतर झाली. माल्कमच्या नोंदीप्रमाणे होळकरांच्या माळवा-निमाडचा वसूल 1817 मध्ये सुमारे 4.4 लाख रुपये होता. 1819-20 मध्ये तो जवळपास 17 लाखांवर गेला. नांगर पुन्हा शेतात चालू लागल्याशिवाय असा वसूल येत नाही. 1826 मध्ये मृत्यू येईपर्यंत तात्यांनी हा कारभार सांभाळला.

याच किबे घराण्यातले माधवराव विनायक किबे 1926 मध्ये मुंबईच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. इंदुरात मराठी भाषा, शाळा आणि नाटक रुजले, कारण 1818 नंतरही इथे मराठी दरबार टिकला. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत महिदपूरला पाने मिळतात आणि मंदसौरला ओळी. हरलेल्या राज्यासाठी तात्या जोगांनी काय वाचवले, हे इंदूरच्या मराठी मुलांना लढाईइतक्याच तपशिलाने शिकवले गेले पाहिजे.