खरा विजेता कोण?



पावसाळ्यात लोणावळ्याला जाणारी कितीतरी कुटुंबे मळवलीला उतरून लोहगड चढतात. चढता चढता मुलांचा एक वाद हमखास रंगतो : सर्वांत थोर योद्धा कोण? कोणी सिकंदराचे नाव घेतो, कोणी रुस्तुमचे, कोणी ह. खालिद बिन वलीद (रजि.) यांचे, तर कोणी शिवाजी महाराजांचे. पुढे हाच वाद मोबाइलच्या स्टेटसवर पोहोचतो आणि लहानपणापासूनच्या मित्राशी, शेजाऱ्याशी बोलणे तुटते. म्हणून या प्रश्नाकडे पोरखेळ म्हणून पाहता येणार नाही. थोरवी कोणत्या मापाने मोजावी, हे मुलांना सांगणे आपले कर्तव्य आहे.

प्रथम तो गडच काय सांगतो ते ऐकावे. निजामशाही आणि आदिलशाहीनंतर लोहगड शिवाजी महाराजांकडे आला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांत तो होता. १६७० मध्ये मराठ्यांनी तो परत घेतला आणि १८१८ मध्ये तो इंग्रजांच्या हाती गेला. प्रत्येक धन्याला तो कायमचा आपला वाटला असेल. पवित्र कुरआन आपल्याला पृथ्वीवर संचार करून पाहण्यास सांगतो, की आपल्याहून बलाढ्य असलेल्यांचा शेवट कसा झाला (३०:९).

केवळ बाहुबळ हे थोरवीचे माप असते, तर फिर्दौसीच्या शाहनाम्यातील रुस्तुमची बरोबरी कोण करील? परंतु त्याच रुस्तुमने रणात न ओळखता स्वतःच्या पुत्राचा, सोहराबचा, प्राण घेतला. केवळ मुलूख हे माप असते, तर सिकंदर श्रेष्ठ ठरेल. तो इसवी सनापूर्वी ३२३ मध्ये बाबिल येथे वयाच्या तेहतिसाव्या वर्षी मरण पावला आणि सरदारांनी त्याचे साम्राज्य वाटून घेतले. प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण अशी आहे की कुस्तीत दुसऱ्याला लोळवणारा बलवान नव्हे, क्रोधाच्या क्षणी स्वतःला आवरणारा तो बलवान.

हे माप कुरआनने जुलकरनैन यांच्या वृत्तान्तात स्पष्ट केले आहे (१८:८३-९८). पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत सत्ता असलेल्या या राजाने दुबळ्या लोकांसाठी तट बांधला, त्यांनी देऊ केलेले धन घेतले नाही आणि त्या कार्याचे श्रेय आपल्या पालनकर्त्याच्या कृपेला दिले. हिजरी सन ८ मध्ये मक्का जिंकून प्रवेश करताना प्रेषितांची (स.) मान नम्रतेने लवलेली होती, असे चरित्रकार नोंदवतात. ज्यांनी त्यांना घरादारातून हाकलले होते, त्यांना सर्वसाधारण क्षमा मिळाली. ह. खालिद (रजि.) यांची थोरवीही केवळ रणांगणात पाहू नये. खलीफा ह. उमर (रजि.) यांनी त्यांना सेनापतिपदावरून दूर केले, तेव्हा ते रुसले नाहीत; ह. अबू उबैदा (रजि.) यांच्या हाताखाली लढत राहिले. शत्रूवर विजय मिळवणारे पुष्कळ होतात. स्वतःच्या अहंकारावर विजय मिळवणारे विरळा.

आता आपल्या मातीतील एक साक्ष पाहू. खाफीखान हा मोगल इतिहासकार. शिवाजी महाराजांविषयी त्याची लेखणी अत्यंत कटू आहे. तरीही त्याने लिहून ठेवले की मशिदीला, कुरआनला आणि स्त्रियांना उपद्रव होऊ नये, असा महाराजांचा नियम होता. कुरआनची प्रत हाती आल्यास ती आदराने मुसलमान सेवकाकडे सोपवली जाई. या नोंदीत दोघांची परीक्षा झाली आहे. विजयाच्या धुंदीत मर्यादा पाळणाऱ्या राजाची, आणि वैर असूनही सत्य न लपवणाऱ्या लेखकाची. एखाद्या समुदायाच्या वैरामुळे न्याय सोडू नका, अशी कुरआनची आज्ञा आहे (५:८). आपल्या घरातील मूल स्टेटस लिहिताना निदान खाफीखानाइतके तरी न्यायी राहते काय, हे पालकांनी स्वतःला विचारावे.

गतकाळचे लोक होऊन गेले. त्यांची कमाई त्यांच्यासाठी आणि तुमची तुमच्यासाठी. त्यांच्या कृत्यांचा जाब तुम्हाला विचारला जाणार नाही, हे कुरआनने बजावले आहे (२:१३४). कयामतच्या दिवशी सिकंदर मोठा की खालिद, हा प्रश्न आपल्यापुढे येणार नाही. शेजाऱ्याचे मन का दुखावले, हा मात्र येईल.

गड उतरताना ओढ्यांच्या पुरावरील फेस मुलांना दाखवावा. कुरआनने हाच दृष्टान्त दिला आहे : फेस विरून जातो, आणि लोकांच्या उपयोगाचे ते भूमीवर टिकते (१३:१७). गडावर राज्य करणारे गेले. त्यांनी खडकात खोदलेल्या टाक्यांत पाणी आजही साठते.

हे अल्लाह, आम्हाला आमच्या क्रोधावर आणि अहंकारावर विजय दे, आणि आमच्या जिभेपासून व हातापासून आमच्या शेजाऱ्यांना सुरक्षित ठेव. आमीन.