दाव्याचं देणं

भुकेल्या जनावराने आपल्या दावणीचं कोकरू उचललं तर ते अपराधी ठरतं का? आणि कोकरू वाचवण्यासाठी आपण काय काय करावं, कुठे थांबावं? सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळाला लागून आमची थोडी कोरडवाहू जमीन आहे. ज्वारी, तूर, चार-सहा उस्मानाबादी शेळ्या, थोडी मेंढरं आणि अंगणात गावरान कोंबड्या. अशा घरात हा प्रश्न पोथीतून येत नाही. रात्री कुत्रं एका जागी उभं राहून भुंकायला लागलं की येतो. मी शाळेत मराठी शिकवते, पुराणांतल्या गोष्टी मुलांना सांगते. आणि घरी आल्यावर त्याच गोष्टींची उत्तरं मला गोठ्यात द्यावी लागतात.

आमच्या माळावर 1979 साली माळढोकासाठी अभयारण्य झालं. गवत राखलं गेलं, त्या गवताच्या आसऱ्याने काळविटं वाढली, लांडग्यालाही जागा मिळाली. पलीकडे उजनीचं पाणी आलं, माळरानं फोडून ऊस उभा राहिला आणि कोल्हा उसात शिरला. गवताळ रान मोडलं म्हणून काही त्या जनावरांची भूक मोडली नाही. ती आपल्या वस्तीपर्यंत आली. त्यामुळे एखाद्या पहाटे खुराडं विस्कटलेलं दिसलं, तर मागे आपण बदललेल्या जमिनीची सगळी हकिकत उभी असते.

चोरी झाली की गाव एकच नाव घेतं, खोकडाचं. माझा पहिला आग्रह असा, की आरोपी तरी नीट ओळखावा. खोकड दोन-तीन किलोचं जनावर. शेपटीचं टोक काळं, पाय काडीसारखे. उंदीर, नाकतोडे, भुंगेरे, सरडे, बोरं यांवर त्याचं पोट चालतं. मोकळी सुटलेली कोंबडीची पिल्लं ते नेईल, पण मोठं कोकरू त्याला पेलणारं नाही. कोल्हा अंगाने मोठा. कोंबडी नेतो, नुकतं जन्मलेलं करडू-कोकरूही नेतो. लांडगा थेट कळपातलं जनावर गळ्याला धरतो. आणि मागचा भाग फाडून अर्धवट टाकलेलं जनावर दिसलं, तर पुष्कळदा ते मोकाट कुत्र्यांचं काम असतं. तरी कुदळ घेऊन माणसं जातात ती खोकडाच्या बिळाकडे, कारण बीळ माळावर उघड्यावर आहे आणि खोकड दुबळं आहे. एकाने केलं आणि दुसऱ्याला सजा झाली, हे माणसांच्या बाबतीत आपण अन्याय मानतो. मुक्या जिवाच्या बाबतीतही तो अन्यायच आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या शेजाऱ्याची गाभण शेळी गेली. त्याच्या घरात तीच एक मोठी ठेव होती. मुलीच्या फीचे पैसे तिच्या करडांतून यायचे होते. सकाळी तो मांसाच्या तुकड्याला थिमेटचं विष चोळून माळाकडे निघाला होता. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी त्याला हाक मारून थांबवलं. तो म्हणाला, "काकू, माझी शेळी गेलीय. मला दया शिकवू नका." आत्याबाई म्हणाल्या, "दया न्हाई शिकवत बाबा. इख एकदा टाकलं की ते तुझं ऐकत न्हाई. लांडगा येईल, न्हाईतर तुझंच कुत्रं येईल, न्हाईतर कुणाचं पोरगं."

माझ्या मते नीतीचा सगळा विचार या बोलण्यात आला. काठी ज्याच्यावर उगारली त्यालाच लागते. विष कुणाला लागेल हे टाकणाऱ्याच्या हातात राहत नाही. कावळा, घार, राखणीचं कुत्रं, पिल्लांना घास घेऊन जाणारी खोकडीण, सगळे त्याच्या वाटेत येतात. ज्या कृतीवर आपला ताबा उरत नाही, तिला रक्षण म्हणता येत नाही.

रक्षण आणि हिंसा यांतला हा फरक जैन विचारातही सापडतो. सोलापुरात जैन संस्कृती संरक्षक संघाने जीवराज जैन ग्रंथमाला काढून जुने प्राकृत आणि संस्कृत ग्रंथ छापले. अहिंसेवर जैन आचार्यांनी केलेला विचार फार बारीक आहे, आणि शेतकऱ्याने तो आवर्जून समजून घ्यावा असा आहे. गृहस्थाच्या हातून होणाऱ्या हिंसेचे ते चार प्रकार करतात. चूल पेटवताना, झाडलोट करताना होते ती आरंभी. शेती-व्यवसायात होते ती उद्योगी. स्वतःच्या किंवा आश्रिताच्या रक्षणासाठी समोरच्याला अडवताना होते ती विरोधी. आणि मारायचंच असं मनाशी धरून केलेली ती संकल्पी. पहिल्या तीन गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाहीत, त्या कमी करत जायच्या. चौथी मात्र त्याने करायचीच नाही. शेळीवर आलेल्या लांडग्याच्या अंगावर ओरडत काठी घेऊन धावणं तिसऱ्या प्रकारात बसतं. शेळी गेल्यानंतर दुसऱ्या दिवशी विष घेऊन निघणं चौथ्यात जातं. कारण तोवर वाचवायला शेळी उरलेली नसते, उरलेला असतो फक्त राग.

महाभारतातल्या धर्मव्याधाचंही सांगणं याच बाजूचं आहे. मिथिलेच्या बाजारात मांस विकणारा तो माणूस कौशिक ब्राह्मणाला सांगतो, की नांगर चालवतानाही असंख्य जीव मरतात, पूर्ण अहिंसक असा कोणी नाही. या बोलण्याचा उपयोग काही जण हात झटकण्यासाठी करतात: हिंसा टळतच नाही, मग थोडी जास्त झाली म्हणून काय? मला त्यातून नेमकं उलटं ऐकू येतं. हिंसा टळत नाही, म्हणूनच प्रत्येक वेळी ती कितपत गरजेची होती हे स्वतःला विचारावं लागतं.

वर्गात मी शिबी राजाची गोष्ट सांगते. महाभारतात ती एकाहून जास्त ठिकाणी येते. कुठे राजा शिबी आहे, कुठे उशीनर. ससाण्याच्या भीतीने कबुतर राजाच्या मांडीवर येतं. राजा त्याला अभय देतो. मुलं खूश होतात. पण गोष्टीचा कस लागतो तो ससाणा बोलू लागतो तेव्हा. त्याचं म्हणणं असं: तू याला वाचवलंस, पण मी उपाशी राहिलो तर माझी पिल्लंही मरतील, एकाला तारून अनेकांना मारणारा धर्म कसला? राजा त्याला खोटं पाडत नाही, दुष्टही म्हणत नाही. तो आपल्या मांडीचं मांस तोलून द्यायला बसतो. रक्षण करणाऱ्याने रक्षणाची किंमत स्वतः सोसायची, ती भुकेल्यावर ढकलायची नाही, एवढं मी या गोष्टीतून घेते.

भूक निर्दोष असते, हे मला आत्याबाईंनी शिकवलं. 1972 च्या दुष्काळात त्या नवी नवरी होत्या. दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि मिळेल ती मिलो नावाची लाल ज्वारी शिजवून खायची. शेजारी निघून गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "त्या वर्षी लोकांच्या मळ्यातला मुळा आमी न इचारता उपटून खाल्लाय, मातीसकट. भूक काय पाप हाय व्हय?" वन्यजीव संरक्षण कायदाही त्याच 1972 सालचा. उपाशी सोलापूरकर खडी फोडत होते त्या वर्षी या देशाने रानातल्या जिवांच्या जगण्याचा हक्क कायद्यात लिहिला. मला या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात वाटत नाहीत.

एक अडचणीचा प्रश्न मात्र टाळता येत नाही. ज्या कोकरासाठी मी रात्री उठते, तेच मोठं झालं की सांगोल्याच्या बाजारात विकलं जातं. ते कुठे जातं हे मला माहीत आहे. मग कोल्ह्याला क्रूर म्हणायचा मला काय अधिकार? तो अधिकार मला नाही, आणि म्हणून मी तसं म्हणत नाही. पण राखणीचं कर्तव्य त्यामुळे सुटत नाही, उलट वाढतं. माळावरच्या सशाला धावायला पाय मोकळे आहेत, लपायला गवत आहे. माझ्या शेळीच्या गळ्यात मी दावं बांधलं. तिची पळायची वाट मी बंद केली, कोंबडीचे पंख मी खुराड्यात मिटवले. ज्याची स्वतःला वाचवण्याची शक्ती आपण काढून घेतली, त्याच्या वाटचा जागता पहारा आपल्याकडे येतो. हे दाव्याचं देणं आहे. मी तिचं दूध घेते, करडं विकते. त्या बदल्यात तिला निर्धास्त रात्र देणं ही कृपा नाही, परतफेड आहे. "तिचं प्रारब्ध होतं," असं म्हणून हे देणं बुडवता येत नाही. प्रारब्ध असलंच तर ते दाराला कडी घातल्यानंतरचं.

म्हणून या धर्माचं आचरण हाताने करायचं असतं. आमच्या खुराड्याला आम्ही साध्या कोंबडीजाळीऐवजी बारीक घराची जोडजाळी लावली, कारण साधी जाळी कोल्हा दाताने ओढून फाडतो. जाळी जमिनीशी संपवली नाही. भोवती हातभर चर खणला, जाळी त्यात उतरवली, तळाशी बाहेरच्या बाजूला वळवली आणि वर दगड-मुरूम ठासला. उकरणारं जनावर नेमकं भिंतीच्या बुडाशी उकरतं. तिथे जाळी लागली की पाय मागे घेतं. एका सकाळी तिथे ताजी माती उकरलेली दिसली, चार नखांच्या ओळी, खाली उघडी पडलेली तार, आणि आत सगळ्या कोंबड्या धडधाकट. मला फार समाधान वाटलं. कोंबड्या वाचल्या आणि आलेलं जनावरही जिवंत परत गेलं.

बाकीची कामंही अशीच. दिवस मावळायच्या आत कोंबड्या कोंडायच्या. शेळी-मेंढी व्याली की वार लगेच खोल पुरायची, कारण त्या वासावर कोल्हा लांबून येतो. नवं कोकरू पहिले काही आठवडे उघड्यावर ठेवायचं नाही. मेलेली कोंबडी बांधावर फेकायची नाही. त्यानेच मोकाट कुत्र्यांना वस्तीची चटक लागते. बोरी-बाभळीच्या काट्यांचं कुंपण दरवर्षी नव्याने भरायचं. दिवा लावला तर त्याची जागा बदलत राहायची, नाहीतर जनावर सरावतं. यातलं एकही काम मोठं नाही, पण एकही काम एकदा करून संपत नाही.

सुगीनंतर आमच्या रानात धनगर मेंढरं बसवायला येतात. रात्री वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावतात, कुत्री सोडतात, आळीपाळीने जागतात. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या मामांना मी विचारलं, लांडग्याने मेंढरू नेलं तर? ते म्हणाले, "त्येचा वाटा त्यो नेतो. पर आमी झोपून दिऊ काय त्येला?" वाटा मान्य, आणि त्याच्या वाटेत उभं राहणंही मान्य. बाळे इथल्या खंडोबाला चंपाषष्ठीला ही माणसं जातात. त्यांचा देव बाणाईसाठी मेंढरांमागे राबणारा गडी झाला होता आणि त्याच्या पायाशी कुत्रं असतं. राखणाऱ्याचं काम देवाला हलकं वाटलं नाही, हे ती माणसं जन्मापासून ऐकत आलेली असतात. कदाचित म्हणूनच त्यांच्या जागण्यात वैर नसतं.

पण तो वाटा नेहमी सगळ्यात गरिबाच्या ताटातूनच का जावा? लांडगा जगावा असं साऱ्या समाजाला वाटत असेल, तर त्याची किंमत एकट्या शेळीवालीने का मोजावी? सरकार भरपाई देतं ती याच न्यायाने, आणि ती मागणं हा आपला हक्क आहे. त्यासाठी मेलेलं जनावर जागचं हलवायचं नाही, वनखात्याला लगेच कळवायचं आणि पंचनामा करून घ्यायचा. शेजाऱ्याने त्या दिवशी तो विषाचा तुकडा खड्ड्यात पुरला. आणि अर्ज लिहायला मी त्याच्याबरोबर बसले. नुसतं "मारू नकोस" म्हणून आमची जबाबदारी संपली असती, तर आमची दया फुकटची ठरली असती.

सिद्धरामेश्वरांनी 12 व्या शतकात सोलापुरात तळं खोदवलं. भक्ती म्हणजे कुणाच्या तरी गरजेचं काम, ही शिकवण या शहराला तेव्हापासूनची आहे. शिबीसारखं मांडीचं मांस आपल्याकडे कुणी मागत नाही. आपल्याला चर खणायचा आहे, कडी घालायची आहे, वार पुरायची आहे, आणि ज्याचं नुकसान झालं त्याच्याबरोबर कचेरीपर्यंत चालायचं आहे. एवढं करूनही एखाद्या रात्री कोकरू गेलं, तर दुःख करावं, कुंपण पुन्हा भरावं. विष मात्र आणू नये.